घर बांधताय? आधी वीजबिलाचा प्लॅन करा!

मित्रांनो, टाइल्ससाठी आपण दहा दुकानं फिरतो, पण वीजबिल आठवतं राहायला गेल्यावर. माझ्या मते हे उलटं आहे. टाइल्सचा खर्च एकदाच, बिल दर महिन्याला. घरातूनच धंदा करणार असाल, तर ते थेट नफ्यातून जातं.

साधा हिशोब बघा. जुना पंखा 75 वॅट, बीएलडीसी साधारण 30. चार पंखे रोज दहा तास चालले, तर महिन्याला 54 युनिट वाचतात.

पश्चिमेला मोठी खिडकी नको, दुपारचं ऊन घर तापवतं. पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तरेला घ्या, म्हणजे सोलरवर सावली पडणार नाही. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठरलंय.

हे सगळं नकाशा फायनल करण्याआधीच इंजिनिअरशी बोला. पंखा नंतरही बदलता येतो हो, भिंत नाही!