बॉनेटला भोकं पाडण्याआधी हवेला विचारा

सरळ मुद्द्यावर येतो. जुन्या गाडीच्या बॉनेटवर बसवलेले दहातले नऊ व्हेंट हे व्हेंट नसतात. ते दागिने असतात. दागिन्यांशी माझं भांडण नाही, पण दागिना घालायला कोणी छातीला भोक पाडत नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमचा आतेभाऊ. इंदापूर तालुक्यात त्यांच्या वाड्याच्या पडवीत आजोबांची १९६७ची फियाट ११०० आहे. पठ्ठ्याने ती दोन वर्षांपासून उघडून ठेवलीय. जुन्या रेसिंग फियाटसारखी करायची, बॉनेटवर व्हेंट पाहिजेत, असा त्याचा हट्ट. आणि त्यावरून आमच्या नातेवाइकांत, मित्रांत आणि दोन गॅरेजांत सरळ दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, 'पाड भोकं, मस्त स्पोर्टी दिसेल.' दुसरा म्हणतो, 'व्हिंटेज गाडी आहे, स्क्रूसुद्धा बदलू नको.' माझ्या मते दोघेही चुकताहेत, आणि चुकण्याचं कारणही एकच आहे. दोघांपैकी एकानेही हवेला विचारलेलं नाही.

आता कोणीतरी म्हणणारच, फियाट कुठली स्पोर्ट्स कार? मंडळी, आपल्याकडे जग्वार आणि एमजी राजेरजवाड्यांकडे होत्या. बाकीच्यांनी जे मिळालं ते पळवलं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड याच गाड्या कापून, हलक्या करून, कार्बोरेटर बदलून शर्यतीत उतरायच्या. त्यातली हेराल्ड तर ट्रायम्फ स्पिटफायरची थोरली बहीणच. दोघींचं डिझाइन मिकेलोत्तीचं, आणि स्पिटफायरची चासी हेराल्डच्याच चासीवरून आलेली. तेव्हा आपली 'क्लासिक स्पोर्ट्स कार' ही अशी, घरातलीच.

आणि फियाट तर आमच्या भागाला फारच घरातली. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. त्यांच्याच नावाचं वालचंदनगर याच इंदापूर तालुक्यात आहे. साखर कारखान्यापासून सुरू झालेलं हे गाव पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनवू लागलं आणि नंतर इस्रोच्या पीएसएलव्हीच्या मोटर केसिंगपर्यंत पोचलं. म्हणजे ज्या तालुक्यात रॉकेटचं कवच बनतं, त्या तालुक्यात आपण ऑनलाइन मागवलेला प्लॅस्टिकचा स्कूप डबल टेपने चिकटवणार? थोडी तरी लाज?

असो. तर व्हेंट म्हणजे नक्की काय?

रेडिएटरमधून हवा वाहते ती पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकामुळे. पुढून हवा आत ढकलली जाते, पण मागे इंजिनाच्या खोलीत ती कोंडली तर नवीन हवा येणार कुठून? गच्च भरलेल्या एसटीत पुढच्या दाराने कितीही माणसं ढकला, मागचं दार उघडल्याशिवाय कोणी आत सरकत नाही. व्हेंट म्हणजे ते मागचं दार. त्यातून हवा बाहेर गेली पाहिजे.

आता बाजारात मिळणारा स्कूप बघा. त्याचं तोंड पुढे असतं. तो हवा आत घेतो. टर्बोच्या इंटरकूलरवर किंवा कार्बोरेटरच्या तोंडाशी नीट डक्ट करून जोडला तर ठीक, पण नुसताच बॉनेटवर बसवला तर तो इंजिनाच्या खोलीतला दाब वाढवतो, म्हणजे रेडिएटरमागे गर्दी करतो. गाडी थंड व्हावी म्हणून बसवलेली वस्तू थंड होण्याच्या आड येते. सॉफ्टवेअरमध्ये आपण याला काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

दुसरा लाडका उपाय म्हणजे बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची. गाडी उभी असताना हे चालतं, गरम हवा वर जाते. पण वेग घेतला की चित्र उलटं. बॉनेटवरून वाहणारी हवा समोरच्या काचेवर आपटते आणि काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. कितीतरी गाड्यांत केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी नेमकी तिथेच असते, ती काय डिझायनरला दुसरी जागा सापडली नाही म्हणून? जिथून हवा आत यायला बघते, तिथे तुम्ही बाहेर जाण्याचं दार केलंत. फियाटची काच आजच्या गाड्यांपेक्षा उभी, म्हणजे हा त्रास जास्तच.

याउलट गाडीच्या नाकावरून वळून हवा बॉनेटवर येते तिथे ती वेग घेते आणि दाब कमी होतो. म्हणून बाहेर जाणारी हवा साधारण बॉनेटच्या पुढच्या भागातून, रेडिएटरच्या मागून काढायची, आणि पट्ट्यांची तोंडं मागे ठेवायची. जग्वार ई-टाइपचे लूव्हर बघा. सगळे मागे उघडतात. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत तर लूव्हरची पट्टी वेगळी करून बॉनेटला वेल्ड केलेली होती, नंतर ती पत्र्यातच दाबून काढू लागले. नटवायचं असतं तर एवढा खटाटोप कोणी केला नसता.

आता थोडे आकडे, कारण आकड्यांशिवाय हे सगळं चहाच्या टपरीवरचं बोलणं आहे. वाहत्या हवेचा दाब म्हणजे अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. आपल्या भागातली उंची आणि उन्हाळ्यातलं तापमान धरलं तर हवेची घनता साधारण १.०६ किलो प्रति घनमीटर. ताशी ८० किमीला दाब येतो सुमारे २६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या २७ मिलिमीटर उंचीएवढा. ताशी ६०ला १५ मिमी. आणि ताशी ३०ला? चार मिमीसुद्धा नाही. आणि हा पूर्ण दाब झाला. व्हेंटच्या वाट्याला त्यातला काही हिस्साच येतो.

याचा अर्थ काय? पुणे-सोलापूर हायवेवर व्हेंट वाऱ्याच्या जोरावर चालेल. पण गाळप लांबलेल्या वर्षी मार्चमध्ये बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे तुम्ही २० च्या वेगाने जात असाल, तर तिथे वारा नाही, फक्त पंखा आणि गरम हवेचा वर जाण्याचा स्वभाव. दोन्ही परिस्थितींचे प्रश्न वेगळे आहेत. तुमची गाडी कुठे चालणार हे ठरवल्याशिवाय व्हेंटची जागा ठरवणं म्हणजे रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहिणं.

शिवाय 'गाडी गरम होते' हे एक वाक्य असलं तरी त्यात दोन वेगळे आजार आहेत. एक, पाणी उकळणं. दुसरा, बॉनेटखालची खोली तापून पेट्रोलची वाफ होणं. दुसरा फियाटवाल्यांना चांगलाच ठाऊक आहे. उन्हात थांबून पुन्हा स्टार्टर मारला की गाडी नुसती खोकते, मग कोणीतरी फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकतं आणि सगळे झाडाखाली बसतात. या दुसऱ्या आजारावर व्हेंट खरंच औषध आहे, कारण इंजिन बंद केल्यावर कोंडलेली उष्णता वरून निघून जाते. पहिल्या आजारावर मात्र आधी इतर गोष्टी तपासा. आमच्याकडे बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं असतं, आतल्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असतात. पंख्याचा पट्टा ढिला असतो. टायमिंग चुकलेलं असतं. रेडिएटर आणि जाळी यांच्यामधली रबरी पट्टी कधीच कुजून पडलेली असते, त्यामुळे हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने पळते. हे सगळं तसंच ठेवून बॉनेट कापणं म्हणजे मेमरी लीक न शोधता सर्व्हरला रॅम वाढवत बसणं.

मोजायला लॅब लागत नाही, म्हणून सबब चालणार नाही. बॉनेटवर लोकरीचे बोटभर तुकडे टेपने चिकटवा, शेजारच्या गाडीतून मोबाइलवर शूटिंग करा. हवा कुठे चिकटून वाहते, कुठे गोंधळते, कुठे उलटी फिरते, सगळं दिसतं. दाबासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. यू आकारात वाकवून एका फळीवर बसवा, थोडं रंगीत पाणी भरा. एक तोंड बॉनेटखाली, दुसरं बॉनेटवर पृष्ठभागाला समांतर चिकटवलेलं. पाणी कुठल्या बाजूला किती मिलिमीटर चढलं ते शेजारी बसलेल्याने वाचायचं. आणि फ्युएल पंप, कार्बोरेटर, रेडिएटरच्या मागे अशा तीन जागी तापमानाचे प्रोब. शनिवारी सकाळी सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे अख्ख्या बॉनेटचा नकाशा असतो. बॉनेट न कापता!

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, म्हणजे 'काहीही बदलू नका'वाल्यांकडे. व्हेंटबद्दल ते चुकताहेत, पण पत्र्याबद्दल त्यांचं बरोबर आहे. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. १९६७चं, न ठोकलेलं, न पुट्टी भरलेलं बॉनेट पुन्हा कुठे छापून मिळणार नाही. इंदापूरच्या एका वयस्कर डेंटरने मला एका वाक्यात समजावलं, 'सायेब, भोक पाडायला धा मिनिटं लागत्यात, बुजवायला दोन दिस, आन् तरीबी उन्हात त्ये दिसतंयच.'

कायदाही आहेच. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए'ची वेगळी नंबर प्लेट मिळते. पण गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल केलेले चालत नाहीत. बॉनेट बॉडी शेलमध्ये धरायचं की नाही, यावर तुम्हाला आरटीओत इन्स्पेक्टरशी वाद घालायचा असेल तर शुभेच्छा. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची, फिवाची, ट्यूरिन सनदही हेच सांगते. बदल करायचाच तर असा करा की तो मागे घेता येईल, आणि काढलेला मूळ भाग जपून ठेवा. ट्यूरिन म्हणजे फियाटचंच गाव, हा योगायोग मला फार आवडतो.

मग मार्ग काय? आपण रोज वापरतो तोच. प्रॉडक्शनवर हात लावायचा नाही, कॉपी काढायची. जुन्या पार्टच्या बाजारातून दुसरं बॉनेट शोधा, गंजलेलं, चेपलेलं चालेल. मूळ बॉनेट गोधडीत गुंडाळून माळ्यावर. दुसऱ्यावर आधी पुठ्ठ्याचं मॉडेल, मग ड्रॉइंग, मग पत्रा. १०० मिमी लांब आणि ८ मिमी उघडलेल्या २० पट्ट्या म्हणजे १६० चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षा थोडं जास्त. सुरुवातीला एवढं पुरे, परत मोजा, मग वाढवा. बॉनेटच्या आतल्या पट्ट्यांच्या सांगाड्याला धक्का लावू नका, नाहीतर पत्रा वेगात डबडब करेल. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी गोल छिद्र पाडा, म्हणजे तडा पुढे जात नाही. आणि पावसाळा विसरू नका. व्हेंटखाली डिस्ट्रिब्युटर येत असेल तर मध्ये पत्र्याची छोटी पन्हळ द्या, पाणी बाजूला गेलं पाहिजे.

हे काम करणारे हात आपल्याकडे आहेत. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची तीनचाकी बनते, २०१२ पासून व्हेस्पाही. वालचंदनगरचं वर सांगितलंच. आजूबाजूला ट्रॉल्या, टाक्या, नांगर बनवणारे फॅब्रिकेटर आहेत. पत्रा कसा वागतो हे त्यांना आपल्या आठ सेमिस्टरपेक्षा जास्त कळतं. त्यांच्याकडे नसतं ते मोजमापांचं ड्रॉइंग, कारण ते द्यायचं काम आपलं होतं आणि आपण त्यांच्यासमोर मोबाइल धरून 'असं पाहिजे' म्हणतो. फोटोत दाब दिसत नाही हो! मग तो बिचारा फोटोसारखं करून देतो, गाडी तापतच राहते, आणि बदनाम होतो डेंटर.

माझी चीड खरं तर इथे आहे. आपण इंजिनिअर म्हणवतो, लग्नाच्या बायोडेटात पहिल्या ओळीत लिहितो, आणि स्वतःच्या घरातल्या गाडीबद्दल निर्णय घेताना वीस रुपयांची नळी लावून बघत नाही. दिसण्यासाठी कापणारा आणि भीतीने हात न लावणारा, दोघांनीही डिग्री कपाटात ठेवलेली आहे. व्हेंट ही सजावट नाही आणि पापही नाही. ते दाबाच्या फरकाला दिलेलं उत्तर आहे, आणि प्रश्न न मोजता उत्तर देता येत नाही.

आतेभावाला एवढंच सांगितलंय, नळीतलं पाणी दहा मिमी तरी हलल्याचं दाखव, कटरचे पैसे मी देतो. नाही हललं, तर रेडिएटर साफ करायचे पैसेही मीच देतो. ग्राइंडर तोपर्यंत माझ्याकडे पुण्यात आहे.