कुऱ्हाडबंदीत कुऱ्हाड कुणाची?

जंगल राखायचे तर गाव एक झाले पाहिजे, असे पर्यावरणवाले सांगतात. आपला पहिला प्रश्न: कोणते गाव? 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत गावगाड्याचे कौतुक करणाऱ्यांना फटकारले होते. जंगलाचा विषय निघाला की आपणच ते विसरतो.

नाशिक जिल्हाच घ्या. पश्चिमेला सुरगाणा, पेठ. पाड्यावर बहुतेक सगळे आदिवासी, सगळ्यांच्या चुली एकाच जंगलाच्या सरपणावर. नियम केला तर झळही सगळ्यांनाच, म्हणून तो पाळला जाण्याची शक्यता असते. मार्च 2018 मध्ये वनपट्ट्यांसाठी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्यांत हीच माणसे मोठ्या संख्येने होती. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गोंडांच्या लहानशा गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथेही निर्णय सर्वसहमतीने होतात. (पाड्यावर बायांचे किती ऐकले जाते, हा वेगळा लेख.)

आता पूर्वेला सिन्नर, येवल्याकडे या. बागायतदार, कोरडवाहू, भूमिहीन, बौद्धवाडा: एका गावात चार गावे. आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आहे. असा ठराव होतो सगळ्यांच्या नावाने. पण ज्याच्या बांधावर बाभळी, गोठ्यात वैरण आणि घरात गॅस, त्याचे काय बंद झाले? बंद झाल्या भूमिहीनाच्या चार शेळ्या आणि त्याच्या बायकोची मोळी. मग ती अंधारात सरपण आणते, पकडली जाते, आणि रान बुडवल्याचा ठपका अख्ख्या वस्तीवर.

2006 चा वनहक्क कायदाही इथे पुरा पडत नाही. आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा पुरतो (ते योग्यच आहे). आपण मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी'. त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे सिद्ध करायची. हिशेब करा, साल येते 1930. त्या साली आपली माणसे काळारामाच्या दारात सत्याग्रहाला बसली होती. जंगलाचा कागद कोण देणार होते त्यांना? ज्येष्ठांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, पण तो गावातल्याच ज्येष्ठांनी द्यायचा. वनहक्क समितीत आदिवासींना आणि महिलांना जागा राखीव आहेत, अनुसूचित जातींना एकही नाही.

दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड 1959 आणि 1964 ला भूमिहीनांसाठी लढले. त्या लढ्यानंतर कसलेल्या गायरानावरच उद्या रोपवाटिकेची गाडी येऊन उभी राहिली, तर 'झाडाला विरोध करतात' असे आपल्यालाच ऐकवतील.

तेव्हा पोरांनो, ग्रामसभेत कुऱ्हाडबंदीचा ठराव आला की हात वर करण्याआधी तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: मोळीची सोय काय, शेळ्यांना कोणता तुकडा खुला, आणि गवताच्या लिलावातून भूमिहीन घराला किती. सही त्यानंतर.