कळ दाबली, पण नोंदली कुणी?



मे महिना लागला की मुंबईची चाकरमानी मंडळी कोकणात उतरतात. यंदा आमच्या रत्नागिरीच्या घरी थोरल्या बहिणीचा मुलगा आला. त्याचे वय १४, आमची धाकटी ९ वर्षांची. आंबे खाऊन झाले, भाट्याच्या समुद्रावर जाऊन झाले. मग भर दुपारी दोघे जुन्या संगणकापुढे बसली. खेळ कोणता? तर चक्रव्यूहात बॉम्ब ठेवून पळायचे!

आमच्या पिढीला हा खेळ नवा नाही. जपानच्या हडसन सॉफ्ट कंपनीने १९८३ साली ‘बॉम्बरमॅन’ काढला. १९८५ च्या निन्टेन्डो आवृत्तीत ५० टप्पे होते आणि खेळणारा एकटाच. पुढे समोरासमोर खेळायची सोय झाली. आज त्याच धर्तीचे फुकट खेळ जुन्या संगणकावरही चालतात. पक्क्या भिंती फुटत नाहीत, कच्च्या विटा फुटतात. बॉम्बच्या ज्वाळा सरळ रेषेत चारी दिशांना जातात, म्हणून कोपऱ्याआड गेलेला वाचतो. विटांखाली जादा बॉम्ब, लांब ज्वाळा, वेग अशा वस्तू सापडतात.

धाकटी ११ डाव खेळली आणि ११ हरली. रडत आली, “बाबा, मी कळ दाबली होती, बॉम्ब पडलाच नाही!” भाचा म्हणाला, “मामा, हरली की हिचं असंच असतं.” मीही तिलाच सांगितले, “हरल्यावर कारणं सांगू नयेत.”

तरी सेटिंग उघडून पाहिले. सगळे भाच्याने लावलेले. जिंकायला ५ डाव, संगणकाच्या खेळाडूंची पातळी सर्वांत कठीण, वेळ अगदी कमी. वेळ संपत आली की कडेच्या भिंती आत सरकत येतात, त्यात लहान मूल घाबरून जाते. मी ५ चे ३ डाव केले, संगणकाचे खेळाडू बंद केले, वेळ वाढवली, भिंती सरकणे थांबवले. वाटले, झाला न्याय! पण ती पुन्हा हरली आणि पुन्हा तेच म्हणाली.

मग मात्र मी पडद्याकडे न बघता तिच्या बोटांकडे बघत बसलो. कळ नीट दाबली जात होती, बॉम्ब पडत नव्हता! नोटपॅड उघडले. भाच्याला त्याच्या बाणाच्या दोन कळा धरून ठेवायला सांगितल्या आणि तिला तिची बॉम्बची कळ दाबायला लावली. अक्षर उमटलेच नाही. भाच्याने हात काढताच उमटू लागले.

कारण साधे आहे. स्वस्तातल्या कळफलकात प्रत्येक कळीला वेगळी तार नसते, आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. दोन कळा दाबलेल्या असताना काही ठरावीक तिसरी कळ दाबली, तर नेमकी कोणती दाबली हे ओळखता येत नाही, म्हणून ती सोडून दिली जाते. यात बिघाड नाही, घडणच तशी. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या कळांची मांडणी सहसा अशी असते की त्या या घोळातून सुटतात. मी सेटिंगमध्ये तिचा बॉम्ब डाव्या कंट्रोलवर दिला. शिफ्ट टाळली, कारण विंडोजमध्ये ती लागोपाठ ५ वेळा दाबली की मध्येच प्रश्नाची चौकट उघडते.

त्यानंतरच्या ३ डावांत भाचा २ जिंकला, ती १. हरलेल्या डावांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

मला मात्र रात्री झोप लागेना. मी कारकून माणूस. “साहेब, अर्ज दिला होता हो,” असे कुणी म्हटले की आम्ही आवक नोंदवही उघडतो आणि सांगतो, “नोंद नाही, म्हणजे अर्ज आलाच नाही.” वस्तीतल्या लोकांचे अर्ज घेऊन मी स्वतः टेबलाच्या पलीकडेही उभा राहिलेला माणूस, तरी माझ्या टेबलावर हेच वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल? सकाळी लेकीला म्हणालो, “बेटा, तू खरं सांगत होतीस, मीच ऐकलं नाही.” ती म्हणाली, “मग आज तुम्ही खेळा माझ्याशी.”

पालकांनो, सुट्टीत मुले हा खेळ खेळत असतील तर दोन गोष्टी करा. सेटिंग लावताना सर्वांत लहान मुलाला शेजारी बसवा, डावांची संख्या आणि वेळ त्यालाही विचारा. आणि ते “मी कळ दाबली होती” म्हणाले, तर रागावण्याआधी नोटपॅड उघडून एकदा तपासा. दोन मिनिटांचे काम आहे.