ठळक अक्षर म्हणजे शीर्षक नव्हे

पेढीच्या संकेतस्थळावर ‘पर्युषण काळातील दुकानाच्या वेळा’ ही ओळ आपण ‘बी’ टॅगने ठळक करतो आणि शीर्षक झाले, असे मानतो. डोळ्यांना ते तसे दिसतेही. परंतु दृष्टिहीन ग्राहकास पान वाचून दाखविणारा स्क्रीन रीडर तिला साधी ओळच समजतो. ‘एच-१’ ते ‘एच-६’ या टॅगांतील शीर्षके मात्र तो ओळखतो व ग्राहकास थेट हव्या त्या शीर्षकापाशी नेतो. परिच्छेदास ‘पी’ टॅग द्यावा. उघडलेला ‘बी’ तिरप्या रेघेने बंद करावा. अन्यथा पुढील मजकूरही ठळक होतो. रक्कम योग्य खात्यावरच मांडतो, तशी अक्षरेही योग्य टॅगात मांडावीत. आपल्या निष्काळजीपणाने कोणाची वाट अडू नये, हीही अहिंसाच.