लवचिक वीराचा कैवार

चित्रकथा म्हटली कीं आमच्यांतील कित्येक विद्वानांच्या कपाळास आठी पडते. आणि ज्यांच्या कपाळास ती पडत नाहीं, ते १९३८ चा सुपरमॅन व १९३९ चा बॅटमॅन यांचीं नांवें घेऊन थांबतात. पहिल्यांस चित्रकथा हें वाङ्मयच वाटत नाहीं. दुसऱ्यांस बाहुबळावांचून वीर दिसत नाहीं. या दोन्ही पक्षांनीं ज्याच्यावर अन्याय केला, त्या प्लॅस्टिक मॅनचा व त्याचा निर्माता जॅक कोल याचा कैवार आम्ही येथें घेत आहों.

हा वीर १९४१ सालीं 'पोलीस कॉमिक्स'च्या पहिल्या अंकांत अवतरला. मूळचा तो ईल ओब्रायन नांवाचा अट्टल चोर. रसायनांच्या कारखान्यांत चोरी करतांना त्यास गोळी लागली, जखमेंत अम्ल शिरलें, साथीदार त्यास टाकून पळाले. मठांतील ज्या साधूनें पोलिसांस परत लावून दिलें, त्याच्या विश्वासानें या चोराचें मन पालटलें. देह रबरासारखा ताणूं लागला हा चमत्कार खरा. पण त्याहून मोठा चमत्कार मनाचा. वाल्या कोळ्याची कथा ज्या समाजास तोंडपाठ आहे, त्यानें तरी हिला पोरकट म्हणूं नये!

आक्षेपक म्हणतात, हा वीर हास्यास्पद आहे. होय, आणि तेंच त्याचें वैभव होय. तो कधीं खुर्ची होतो, कधीं गालिचा, कधीं दिवा. आणि त्याच्या पोषाखाचा लाल रंग शोधीत वाचकाची नजर पानभर फिरते. त्याचा स्थूल व लबाड सोबती वूझी विंक्स हा तर आमच्या संस्कृत नाटकांतील विदूषकाचाच भाऊबंद. भरतानें हास्य व अद्भुत या दोहोंसही रसांच्या पंक्तींत बसविलें आहे. मग वीराशीं त्यांची सोयरीक होतांच नाक मुरडण्याचें कारण काय? एलाँगेटेड मॅन (१९६०) व मिस्टर फँटॅस्टिक (१९६१) हे ताणणारे वीर मागाहून आले. त्यांच्या ठिकाणीं लवचिकपणा ही एक शक्ति आहे. कोलच्या हातीं ती चित्राची भाषाच झाली होती.

राहिला नीतीचा आक्षेप. डॉ. फ्रेड्रिक वर्थॅम यांनीं १९५४ सालच्या आपल्या ग्रंथांत कोलच्या १९४७ मधील एका गुन्हेकथेची, डोळ्याजवळ सुई आणलेली चौकट छापून चित्रकथांच्या विकृतीचा दाखला म्हणून मांडली. याच न्यायानें 'किंग लियर'मधील ग्लॉस्टरचे डोळे फोडण्याचा प्रवेश तेवढा फाडून दाखविला, तर शेक्सपिअरची काय गत होईल? तो प्रवेश आम्ही वर्षानुवर्षें भक्तिभावानें शिकविला. आणि बांकाखालीं चित्रकथा उघडून बसलेल्या विद्यार्थ्यास मात्र दटावलें. तो दोष आमच्या पदरीं आहे, व तो आम्ही कबूल करतों.

कोलनें १९५८ सालीं, वयाच्या ४३ व्या वर्षीं, आपल्याच हातानें आपला अंत करून घेतला. आर्ट स्पीगलमन यांनीं 'न्यूयॉर्कर'मध्यें त्याच्यावर विस्तृत लेख लिहिला तो १९९९ सालीं. चाळीस वर्षें उशीर झालेल्या या आदराची लाज चित्रकथेनें नव्हे, विद्वत्तेनें बाळगावी. ज्यांस अजूनहि कोल क्षुद्र वाटतो, त्यांस आमचें इतकेंच सांगणें: आधीं त्याचीं पानें उघडा, निकाल मग द्या.