हळद घरी तपासणं हे तुमचं काम नाही

ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. पाणी गडद पिवळं झालं तर भेसळ, हळद तळाशी बसली तर शुद्ध. हा व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. ॲसिडचे दोन थेंब टाकून गुलाबी रंग बघायला सांगणारा दुसरा व्हिडिओही फिरतो. पाण्याची परीक्षा तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या घरगुती चाचण्यांच्या पुस्तिकेतही आहे. माझं मत स्पष्ट सांगतो: अशी परीक्षा करून निर्धास्त होणं हे काहीच न तपासण्यापेक्षा वाईट आहे.

हळदीतली सगळ्यात घातक भेसळ लेड क्रोमेटची. शिसं आणि क्रोमियम यांचं हे पिवळंधमक संयुग खरं तर रंगकामाचं. त्याच्या वजनात सुमारे ६४ टक्के निव्वळ शिसं असतं, आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. वरून रंग चोपडलेलं हळकुंड पाण्यात रंग सोडेलही. पण दळलेल्या हळदीत हजारात एक भाग लेड क्रोमेट असेल, तर ग्लासातलं पाणी तुम्हाला काहीही सांगणार नाही. अशा हळदीच्या अर्ध्या ग्रॅममध्ये ३०० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलासाठी अन्नातून येणाऱ्या शिशाची संदर्भ पातळी ठरवली आहे दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम! ॲसिडचा प्रयोग तर मेटॅनिल यलो या वेगळ्याच रंगासाठी असतो.

शिसं शरीरात गेल्यावर लगेच काही दुखत नाही, हीच अडचण आहे. ते हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणतं, हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं, गरोदरपणात वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुलांची बुद्धी, एकाग्रता, शिकण्याची क्षमता कमी होते आणि झालेलं नुकसान बहुतांशी भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात शरीरात लोह कमी असेल तर आतडी जास्त शिसं शोषतात. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या दर तीनपैकी दोन मुलांना रक्तक्षय आहे, हे इथे लक्षात घ्या.

आता बांगलादेशात काय झालं ते बघा. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं, पण आसपास ना कारखाना ना खाण. संशोधकांनी रक्तातल्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं. ते एक प्रकारचं बोटाचं ठसंच असतं, आणि ते हळदीतल्या शिशाशी जुळलं. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हळकुंडं पॉलिश करताना पिवळा रंग मिसळण्याची ही पद्धत १९८० च्या दशकातल्या पुरांनंतर सुरू झाली होती. भिजून काळपट पडलेली हळद विकायची कशी, म्हणून.

मग सरकारने हालचाल केली. हातात धरायच्या एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्राने घाऊक बाजारातच माल तपासला, ढाक्यात छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केले, लोकांना जाहीर सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१ मध्ये शून्य टक्के. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. यातलं काहीही गृहिणींनी ग्लासात हळद टाकून झालेलं नाही.

आपल्याकडे? भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका इथल्या २३ शहरांतल्या हळदीचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १४ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं होतं. पाटण्यातल्या काही नमुन्यांत १००० च्याही वर. आपली कायदेशीर मर्यादा ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम, बांगलादेशाची २.५. म्हणजे आपल्याकडे 'पास' झालेल्या हळदीच्या अर्ध्या ग्रॅममध्येही ५ मायक्रोग्रॅम शिसं असू शकतं. ही मर्यादा कमी व्हायलाच हवी.

"आपल्या मसाल्यांची बदनामी करता," असं कोणी म्हणेल. उलट आहे. सांगली, हिंगोली, वसमतचा शेतकरी हळद शिजवतो, वाळवतो. रंग चढतो तो पुढे, व्यापाराच्या साखळीत. प्रामाणिक माल पिकवणाऱ्याच्या पोटावर हीच भेसळ पाय देते. आणि "आजी आयुष्यभर हळद खात होती" याला उत्तर एवढंच, की आजी पिवळाधमक रंग बघून पुडी उचलत नव्हती. तो हट्ट आपला.

२००० सालापासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. तेव्हा कोणी तुम्हाला म्हणालं होतं का, की पंपावर बाटलीत पेट्रोल घेऊन घरी तपासा? शिसं मुळाशी थांबवलं गेलं. मग हळदीच्याच बाबतीत प्रयोगशाळा तुमच्या ओट्यावर का?

हळद बंद करा असं मी म्हणत नाही. सुट्टी, झगझगीत पिवळी पूड टाळा. त्या अभ्यासात पाकीटबंद, ब्रँडेड पूड सुट्ट्या मालापेक्षा बरी निघाली. हळकुंडं घेत असाल तर गुळगुळीत, चकचकीत नकोत. मळकट, खरबरीत सालीची घ्या. मुलाचा रक्तक्षय औषधांनी हटत नसेल, पोट वारंवार दुखत असेल किंवा ते बोलण्या-शिकण्यात मागे पडत असेल, तर रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधणं हाच पहिला उपचार. कोथिंबिरीच्या रसाने 'डिटॉक्स' होत नाही. शिसं बाहेर काढणारी औषधं फार वरच्या पातळीला, रुग्णालयातच देतात.

आणि एक अर्ज करा. तुमच्या जिल्ह्यात अन्न व औषध प्रशासनाने गेल्या वर्षी हळदीचे किती नमुने शिशासाठी तपासले, किती नापास झाले आणि पुढे कोणावर काय कारवाई झाली? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात.