पुतळ्याशेजारी झाड कोणतं?

आई तुळजाभवानी शिवाजी महाराजांना भवानी तलवार देते आहे, असं 108 फुटी शिल्प तुळजापुरात उभारायची योजना पुढे आली आणि आमच्या जिल्ह्यात वाद पेटला. देवीला हात आठ हवेत की दोन? चहाच्या टपरीवरसुद्धा हाच विषय. शिल्पाशेजारी झाड कोणतं लावणार, असं विचारलं की लोक हसतात.

हसू नका. गाभाऱ्यातली अष्टभुजा मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उठून पलंगावर निद्रेला जाते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला पहाटे बुऱ्हाणनगरच्या पालखीत बसते, कुंकवाची उधळण होते, प्रदक्षिणा होते आणि देवी पिंपळाच्या पारावर विसावते. त्यानंतर घोडेगावहून आलेल्या पलंगावर श्रमनिद्रा. आमचं सगळ्यात पूज्य शिल्प असं स्वतः झाडाच्या भेटीला जातं! येरमाळ्याच्या येडाईची पालखीही चैत्री यात्रेत आमराईत उतरते, त्याच यात्रेत भाविक चुनखडी वेचतात. आणि गावोगावचे वीरगळ? कितीतरी लिंबाखाली, पाराला टेकलेले, शेंदूर फासलेले. पुरातत्त्ववाल्यांना तो शेंदूर खटकतो. मला नाही खटकत.

शिल्प आणि झाडाचं हे नातं फक्त आपल्याकडेच नाही. ऑस्ट्रेलियात पर्थच्या आसपासची भूमी मूळनिवासी नूनगार लोकांची. तिथल्या यागन चौकात नूनगार चित्रकार लान्स चॅड यांचं ‘विरिन’ नावाचं शिल्प आहे, उंची जेमतेम नऊ मीटर. चौकात झाडं-फुलंही त्याच मातीतली लावली. ऐन डिसेंबरात केशरी फुलणारं मूजर हे झाड नूनगारांना पवित्र. गेलेल्या माणसांचे आत्मे पुढच्या प्रवासाला निघण्याआधी त्यावर थांबतात, अशी श्रद्धा. पिंपळावरच्या मुंजाला भिणाऱ्या आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की हिरवळ अंथरायची, कारंजं बसवायचं आणि कडेने परदेशी कोनोकार्पसची रांग. तीही टँकरच्या पाण्यावर, या दुष्काळी जिल्ह्यात! बालाघाटाच्या मुरमात पळस, बोर, हिवर, लिंब फारसं न मागता वाढतात. आपटा तर दसऱ्याचाच.

म्हणून मंदिर संस्थान आणि सरकारला एवढंच सांगणं: चौथऱ्याच्या नकाशात पाराची जागा आत्ताच आखा आणि काम सुरू होण्याआधी तिथे पिंपळ लावा, वाढायला त्याला वेळ लागतो. वाचकहो, देवीच्या हातांबद्दल निवेदन देणार असाल, तर त्यात झाडाची ही एक ओळही घाला.